फ्लॅनरी ओ'कॉनरच्या कथांत श्रद्धा नेमकी असते कुठे?

वाचनवेल, सांगली (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाचक मंडळात दर महिन्याला एक परभाषिक कथा वाचून तिच्यावर बोलायचे, असा काही वर्षांचा रिवाज आहे. पुढच्या बैठकीची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि मी फ्लॅनरी ओ'कॉनर या अमेरिकन लेखिकेची 'अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड' ही कथा निवडली आहे. निवडली खरी, पण आता ती माझ्याच घशात अडकली आहे, म्हणून येथे विचारते.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अटलांटाहून एक कुटुंब मोटारीने फ्लोरिडाला निघते: आजी, तिचा मुलगा बेली, सून, दोन आगाऊ नातवंडे आणि एक तान्हे मूल. आजीने मुलाचा डोळा चुकवून आपले मांजर टोपलीत दडवून आणलेले असते. वाटेत तिला तरुणपणी पाहिलेल्या एका जुन्या वाड्याची आठवण होते, तिच्या हट्टाखातर गाडी कच्च्या रस्त्याला वळते, आणि मग तिच्या एकाएकी लक्षात येते की तो वाडा या भागात नव्हताच, तो टेनेसी राज्यात होता. त्या दचकण्यात टोपली लवंडते, मांजर बेलीच्या अंगावर झेप घेते आणि गाडी उलटते. मदतीला म्हणून जी माणसे येतात, त्यांत तुरुंगातून पळालेला 'मिसफिट' नावाचा खुनी असतो. तो मोठ्या अदबीने बोलत बोलत घरातल्या सर्वांना आपल्या साथीदारांबरोबर रानात पाठवतो, आणि शेवटी आजीला स्वतःच्या हाताने गोळ्या घालतो.

पुस्तकाच्या मलपृष्ठावर लिहिले आहे की लेखिका निष्ठावंत कॅथलिक होती आणि तिच्या सर्व लेखनाचा पाया तिची श्रद्धा हा आहे. मी कथा तीनदा वाचली. मला तो पाया दिसला नाही. श्रद्धाळू लेखकाची कथा म्हटली की आपल्या मनात एक ओलावा असतो. संकटात देव धावून येतो, किंवा निदान कोणीतरी भले माणूस येते, आणि निवेदकाचा स्वर तरी हळवा असतो. येथे तान्हे मूलसुद्धा वाचत नाही, आणि लेखिकेचा स्वर असा कोरडा व मिस्किल आहे की काही ठिकाणी मला हसू आले आणि हसल्याची लाज वाटली. तेव्हा माझा प्रश्न असा: मलपृष्ठ वाचले नसते, तर ही श्रद्धावंताची कथा आहे हे मला कळले असते का? आणि ही निर्दय शैली तिच्या श्रद्धेला सोडून आहे, की त्या श्रद्धेतूनच आली आहे?

उंबरठा

आपला प्रश्न मला वर्षानुवर्षे वर्गात ऐकू येत असे. मी महाविद्यालयात अमेरिकन कथा शिकवत होतो, आणि ही कथा संपली की पहिल्या बाकावरून हमखास एखादी मुलगी विचारायची, 'सर, यात देव कुठे आहे?' माझे उत्तर असे: आधी आजीची टोपी पाहा.

कथेच्या सुरुवातीला आजी प्रवासाला निघताना नटून बसते. पांढरी फुले खोचलेली निळी टोपी, पांढरे हातमोजे, गळपट्टीला लेस. असे का, तर अपघात होऊन आपण रस्त्यावर मेलेल्या सापडलो, तर पाहणाऱ्याला लगेच कळावे की ही कुलीन बाई होती. हे वाक्य लेखिका सहज विनोद म्हणून टाकते आणि पुढे निघून जाते. गाडी अटलांटाहून सुटली तेव्हा मीटरवर 55890 मैल होते, हेही ती तशाच सहजतेने नोंदवते. वाटेत एका शेतात कुंपण घातलेल्या पाच-सहा कबरी दिसतात. गाडीत माणसे किती होती ते मोजून पाहा. पहिल्या वाचनात हा नुसता तपशील असतो आणि दुसऱ्या वाचनात त्याचा अर्थ अंगावर येतो, परंतु त्याकडे बोट दाखवायला लेखिका एकदाही थांबत नाही.

आजीचा धर्म हा त्या टोपीसारखा आहे. तो तिच्या सभ्यतेचा भाग आहे, पोशाखाचा भाग आहे. मिसफिटपुढे ती येशूचे नाव घेते ते जीव वाचवण्यासाठी, आणि 'तू चांगल्या घरातला दिसतोस' हेही त्याच दमात म्हणते. उलट तो खुनी त्या धर्माचा दावा तिच्यापेक्षा कितीतरी गांभीर्याने घेतो. येशूने मेलेल्यांना खरोखर उठवले असेल, तर सर्व काही टाकून त्याच्या मागे जाण्याखेरीज दुसरे काही उरत नाही. आणि उठवले नसेल, तर हाती असलेली चार मिनिटे जमेल तशी उपभोगावीत, मग त्यात खून आला आणि जाळपोळही आली, असे तो म्हणतो. या कथेत श्रद्धेचा प्रश्न सरळपणे विचारणारा माणूस हा एकटाच आहे, आणि लेखिकेने तो खुनी माणसाच्या तोंडी घातला आहे. मधली वाट तिने ठेवलेलीच नाही.

आता शेवटचे अर्धे पान. मिसफिटच्या अंगात तेव्हा बेलीचा सदरा असतो, पोपट छापलेला पिवळा सदरा, जो बेलीला रानात नेल्यावर साथीदार परत घेऊन येतात. मिसफिटचा आवाज फाटतो, त्याचा चेहरा रडवेला झाल्यासारखा तिला दिसतो, आणि आजीचे डोके क्षणभर स्वच्छ होते. 'अरे, तू तर माझ्याच लेकरांपैकी एक आहेस,' असे म्हणून ती त्याच्या खांद्याला हात लावते. साप चावल्यासारखा तो मागे उसळतो आणि तीन गोळ्या घालतो. त्या एका स्पर्शात आजी पहिल्यांदा टोपीशिवाय वागते, असे मी मुलांना सांगत असे. 1963 साली ही कथा जाहीरपणे वाचताना ओ'कॉनरने श्रोत्यांना सांगितले होते की प्रेते मोजू नका, आजीच्या आत्म्यात कृपेची जी हालचाल होते तिच्याकडे लक्ष ठेवा. आपल्या पात्रांची डोकी इतकी कठीण आहेत की हिंसेखेरीज दुसऱ्या कशाने ती ताळ्यावर येत नाहीत, असेही तिने त्याच वेळी म्हटले होते.

म्हणजे श्रद्धा ही कथेच्या विषयात सापडणार नाही; ती कथेच्या रचनेत आहे. स्वतःच्या चांगुलपणाबद्दल निश्चिंत असलेले माणूस, मग एक आघात, आणि त्या आघातात क्षणभर उघडलेले दार. त्या दारातून माणूस आत जातो की नाही हे ती बहुतेक वेळा सांगत नाही. शैलीचे म्हणाल, तर तिच्या वाक्यांत 'जणू' किती वेळा येते ते पाहा. आजीचे डोके स्वच्छ झाले एवढेच ती सांगते. देवाने केले असे म्हणत नाही. अलौकिकाबद्दल बोलायची वेळ आली की तिची भाषा 'असे वाटले', 'असे दिसले', 'जणू काही' एवढ्यावर थांबते आणि डोळ्यांनी जे दिसते त्याला घट्ट धरून राहते. हा संयम मला तिच्या श्रद्धेचा भाग वाटतो, कारण कृपा ही लेखकाने वाटायची वस्तू नव्हे, असे तिचे मत असावे.

एक गोष्ट राहिली. जवळजवळ बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलावे लागते आणि जवळजवळ आंधळ्यासाठी मोठी, दचकवणारी चित्रे काढावी लागतात, असे तिने एका निबंधात लिहिले आहे. आपला वाचक आपल्या श्रद्धेचा नाही, हे ती गृहीत धरून लिहीत होती. आपल्याकडचा कीर्तनकार आणि ही लेखिका यांत मोठा फरक हाच आहे: कीर्तनकारासमोर बसलेला माणूस आधीच टाळ घेऊन आलेला असतो.

वसईकर

उंबरठा सरांचे विवेचन आवडले. मी साहित्याचा विद्यार्थी नाही, पण कॅथलिक घरात वाढलो असल्यामुळे ओ'कॉनर वाचताना मला काही गोष्टी ओळखीच्या वाटल्या, त्या मांडतो.

पहिली गोष्ट तिच्याच पत्रांतील आहे. न्यूयॉर्कमध्ये एका रात्रीच्या जेवणाला ती गेली होती. तेथे मेरी मॅकार्थी ही त्या वेळची नावाजलेली लेखिका होती, जी लहानपणी कॅथलिक होती आणि पुढे धर्मापासून दूर गेली होती. बोलण्यात मिस्सेतील, म्हणजे चर्चमधील आमच्या मुख्य उपासनेतील, भाकरीचा विषय निघाला. मॅकार्थी म्हणाली की आता ती भाकर मला एक प्रतीक वाटते, आणि प्रतीक म्हणून चांगलेच आहे. तोवर संध्याकाळभर गप्प बसलेली ओ'कॉनर कापऱ्या आवाजात म्हणाली, 'ते जर प्रतीक असेल, तर खड्ड्यात गेले.' आमच्या श्रद्धेनुसार मिस्सेत ती भाकर ख्रिस्ताचे शरीर होते. ती त्या शरीराची खूण नव्हे. मला वाटते, ओ'कॉनरची शैली कळण्यासाठी हे एक वाक्य पुरेसे आहे. जी वस्तू समोर आहे ती स्वतःच पवित्र होऊ शकते, असे मानणारा लेखक वस्तूंशी हलगर्जीपणा करणार नाही. तिच्या कथांत लाकडी पाय हा आधी लाकडी पाय असतो, तो कसा बसवायचा आणि कसा काढायचा हे आपल्याला दिसते, आणि मगच तो आणखी काही होतो. 'गुड कंट्री पीपल' या कथेतील तत्त्वज्ञानाची पदवीधर मुलगी देव मानत नाही, पण आपल्या लाकडी पायाला आत्म्यासारखी जपते, आणि बायबल विकत फिरणारा एक भामटा तोच पाय पळवून नेतो. हा पाय चोरीला जाणार आहे हे त्या प्रसंगाच्या दहा-बारा ओळी आधीपर्यंत आपल्यालाच ठाऊक नव्हते, असे लेखिकेने सांगून ठेवले आहे. ठरवून प्रतीक पेरणाऱ्याला असे म्हणता येणार नाही.

दुसरे उदाहरण माझ्या विशेष आवडीचे. 'अ टेंपल ऑफ द होली घोस्ट' या कथेच्या शेवटी मावळता सूर्य रक्तात भिजलेल्या, उंच धरलेल्या मिस्सेच्या भाकरीसारखा दिसतो, आणि तो बुडाल्यावर झाडांवर आभाळात तांबड्या मातीच्या रस्त्यासारखी एक रेघ उरते. मिस्सेच्या वेळी फादर दोन्ही हातांनी ती गोल भाकर उंच धरतात, तो क्षण मी लहानपणापासून पाहत आलो आहे, त्यामुळे ही ओळ वाचताना मी थांबलो. पण त्याच ओळीत तिच्या जॉर्जिया राज्याची तांबडी माती आहे हे विसरून चालणार नाही. वेदीवरची वस्तू आणि गावचा कच्चा रस्ता एका वाक्यात इतक्या सहज आल्या, कारण तिच्या लेखी त्या दोन वेगळ्या जगांतल्या नव्हत्याच.

आणि 'पार्कर्स बॅक' वाचल्याशिवाय राहू नका. अंगभर गोंदवून घेतलेला पार्कर ट्रॅक्टर झाडावर आदळल्यावर पाठीवर ख्रिस्ताचा चेहरा गोंदवून येतो, कारण त्याच्या कर्मठ बायकोला तरी तो आवडेल असे त्याला वाटते. बायको म्हणते, देव आत्मा आहे, त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, ही मूर्तिपूजा आहे. आणि केरसुणीने ती त्याला असे बडवते की पाठीवरच्या ख्रिस्ताच्या चेहऱ्यावर वळ उठतात. शेवटी तो झाडाला टेकून तान्ह्या मुलासारखा रडत असतो. देवाने देह धारण केला ही आमच्या श्रद्धेतील मध्यवर्ती गोष्ट. ती येथे कोणीही बोलून दाखवत नाही, ती पार्करच्या कातडीवर घडते. शरीर जखडत चाललेल्या ओ'कॉनरने ही कथा आपल्या शेवटच्या आजारात पुरी केली, हे लक्षात ठेवून वाचले की वाचणे जड जाते. ल्यूपस या आजाराने तिचे वडील 1941 मध्ये गेले, तोच आजार पंचविशीत तिला जडला, आणि 3 ऑगस्ट 1964 रोजी, वयाच्या 39व्या वर्षी, ती गेली. मधली तेरा-चौदा वर्षे ती मिलेजव्हिल या गावाजवळ आईच्या शेतावर राहिली, सकाळी लिहायची, मोर पाळायची, आणि रात्री झोपण्यापूर्वी वीसेक मिनिटे संत थॉमस अक्वायनस हा मध्ययुगीन कॅथलिक धर्मचिंतक वाचायची.

एक प्रश्न मलाही पडला होता. लेखिका कॅथलिक, मग तिची पात्रे बहुतेक सगळी प्रोटेस्टंट, तीही रस्त्यावर उभे राहून प्रवचने देणारी, नदीत बाप्तिस्मा देणारी, अशी का? एक तर त्या भागात कॅथलिक मूठभर होते. पण तिचे स्वतःचे उत्तर मजेदार आहे. कॅथलिक माणसाची श्रद्धा फार तीव्र झाली तर तो मठात जातो आणि पुन्हा त्याच्याबद्दल काही ऐकू येत नाही. प्रोटेस्टंट माणसाला जायला मठ नसतो, म्हणून तो जगात फिरत राहतो आणि नाना भानगडी करून ठेवतो. कथालेखकाला दुसराच उपयोगी, हे सांगायला नको.

तिरकस

चर्चा चांगली चालली आहे, परंतु सूर फार एकमताचा झाला म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

उंबरठा यांनी आजीच्या स्पर्शाचा जो अर्थ सांगितला तो लेखिकेने व्याख्यानात सांगितलेला अर्थ आहे. तो नसता तर? मीही कथा वाचली आहे, आणि मला तो स्पर्श मरणाच्या भीतीने गोंधळलेल्या म्हातारीचा शेवटचा डाव वाटला. तिने आयुष्यभर गोड बोलून कामे काढली, तसेच येथेही केले. मिसफिटही तिला तसेच ओळखतो. 'दर मिनिटाला गोळी घालायला आयुष्यभर कोणीतरी असते, तर ही बाई चांगली झाली असती,' हे त्याचे वाक्य मला कृपेची साक्ष वाटण्याऐवजी अगदी नेमका शेरा वाटते. 1961 साली एका इंग्रजीच्या प्राध्यापकाने तिला लिहिले होते की मिसफिट हा बेलीच्या कल्पनेतला असावा, असा अर्थ आमच्या वर्गात निघाला. तेव्हा ती चांगलीच भडकली होती. तिचे भडकणे योग्यच होते, पण ज्या लेखिकेला आपल्या कथा वाचण्याची पद्धत निबंधांतून, व्याख्यानांतून आणि शेकडो पत्रांतून समजावून सांगावी लागते, तिच्या कथांत ती श्रद्धा स्वतःच्या बळावर उभी आहे असे किती म्हणायचे? वाचनवेल यांचा मूळ प्रश्न हाच आहे आणि त्याचे सरळ उत्तर 'नसते कळले' असे आहे.

शिवाय तिचा साचा ठरलेला आहे. सलग पाच कथा वाचल्या की सहावीत आघात कोणत्या पानावर येणार हे कळू लागते. कोणाला बैल शिंग खुपसतो, कोणी नदीत बुडते, कोणाच्या डोक्यात पुस्तक बसते. कृपा ही मोकळी आणि अनपेक्षित असते म्हणतात, पण येथे तिचे वेळापत्रक आहे.

आणि तिसरी गोष्ट कोणीच काढली नाही, ती वर्णद्वेषाची. तिच्या एका प्रसिद्ध कथेच्या शीर्षकातच कृष्णवर्णीयांसाठीची शिवी आहे. 1959 मध्ये जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाला जॉर्जियात भेटण्यास तिने नकार दिला, कारण गावात त्याने मोठा गहजब झाला असता. मृत्यूच्या तीन महिने आधीच्या एका पत्रात ती लिहिते की तत्त्वाने आपण वर्णभेद मिटवण्याच्या बाजूच्या आहोत आणि आवडीने वेगळे ठेवण्याच्या. 2020 मध्ये मेरीलँडमधील लोयोला या कॅथलिक विद्यापीठाने आपल्या एका वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढून टाकले. श्रद्धेने तिची कथा घडवली म्हणताना, त्या श्रद्धेने काय घडवले नाही, हेही मांडायला हवे.

उंबरठा

तिरकस यांच्या तिसऱ्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. ती पत्रे आहेत, आणि ती वाचून मला जे वाटले ते येथे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. फक्त 'रेव्हलेशन' ही कथा यासंदर्भात वाचावी असे सुचवतो, कारण मला तेथे श्रद्धा आणि लेखिकेची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात दिसतात.

मिसेस टर्पिन ही जाडजूड, हसतमुख, देवभीरू बाई. झोप येईना की ती माणसांची उतरंड लावत बसते: सर्वांत खाली कृष्णवर्णीय, त्यांच्या बाजूला गरीब गोरे, वर घर असलेले, त्याहून वर घर आणि जमीन दोन्ही असलेले, म्हणजे ती स्वतः आणि नवरा क्लॉड. डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत ती मोठ्याने येशूचे आभार मानते की मला असे बनवलेस, दुसरे कोणी नाही बनवलेस. त्याच क्षणी समोर बसलेली, चेहरा मुरमांनी भरलेली एक कॉलेजातली मुलगी हातातले जाड पुस्तक तिच्या डोळ्यावर फेकून मारते, गळा धरते आणि म्हणते, 'नरकातून आलीस तेथे परत जा, म्हातारे रानडुकरिणी.' त्या मुलीचे नाव मेरी ग्रेस आहे. ग्रेस म्हणजे कृपा, हे वाचकांना सांगायला नको. लेखिकाही त्यावर एक अक्षर खर्च करत नाही. संध्याकाळी टर्पिनबाई डुकरांच्या गोठ्यावर पाइपने पाणी मारता मारता देवाशी भांडते, 'तू स्वतःला समजतोस कोण?' असे आभाळाकडे ओरडते, आणि तिचाच प्रश्न शेतांवरून प्रतिध्वनी होऊन तिच्याकडे परत येतो. मग मावळतीच्या आभाळात तिला एक मिरवणूक दिसते. स्वर्गाकडे निघालेल्या लोकांत पुढे गरीब गोरे, पांढऱ्या झग्यांतले कृष्णवर्णीय, वेडे, अपंग, बेडकांसारखे उड्या मारणारे, टाळ्या पिटणारे. आणि सर्वांत मागे, शिस्तीत, सुरात गाणारी तिच्यासारखी माणसे, ज्यांचे सद्गुणसुद्धा त्या आगीत जळून चालले आहेत.

सद्गुण जळताना दाखवणारा लेखक धार्मिक असल्याशिवाय हे वाक्य लिहू शकत नाही, असे मला ठामपणे वाटते. नास्तिक लेखक ढोंग जाळेल. खरा सद्गुणही पुरेसा नाही असे तो कशाला म्हणेल? परंतु तिरकस यांच्यासाठी हेही सांगतो की त्या मिरवणुकीत क्रम उलटला असला, तरी गट तसेच राहिले आहेत. स्वर्गाच्या वाटेवरही गोरे गोऱ्यांत आणि काळे काळ्यांत चालले आहेत. उतरंड पालथी झाली, मोडली नाही. हे टर्पिनबाईच्या नजरेचे अपुरेपण म्हणायचे की लेखिकेच्या, याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही.

ॲलिस वॉकर ही कृष्णवर्णीय लेखिका लहानपणी काही काळ ओ'कॉनरच्या शेताजवळच राहत होती. पुढे 1975 मध्ये तिने लिहिले की आपल्या प्रौढ लेखनात ओ'कॉनर कृष्णवर्णीय पात्रांच्या मनात शिरण्याचा आव आणत नाही, हे तिच्या श्रेयाचेच आहे. त्या अंतरामागे आदर होता की केवळ अंतर, हे वाचकाने ठरवावे.

साच्याचा आरोप मात्र अर्धाच मान्य. सगळ्या मिळून एकतीस कथा आहेत. सलग वाचू नयेत, महिन्याला एक पुरे.

पायवाट

मी वारकरी घरातला. इंग्रजी कथा फार वाचलेल्या नाहीत, पण येथील चर्चा वाचून 'अ गुड मॅन' आणि 'रेव्हलेशन' शोधून वाचल्या. 'कृपा' या शब्दावर थोडे बोलावेसे वाटते.

मराठीत कृपा म्हटले की आपण मऊ झालो आहोत. नोकरी लागली, देवाची कृपा. मुलीचे लग्न ठरले, देवाची कृपा. दुकानांच्या पाट्यांवर 'आईची कृपा' आणि ट्रकच्या मागे 'गुरुकृपा'. त्यामुळे गोळी आणि कृपा एका वाक्यात आली की आपल्याला धक्का बसतो, तसा वाचनवेल ताईंना बसला. पण आपल्याकडेही दुसरी परंपरा आहे. 'बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥' असे तुकोबा म्हणतात. पुढे बायको कर्कशा मिळाली तेही बरे झाले, लोकांत दुर्दशा झाली तेही बरे झाले. हे तुटलेल्या माणसाचे उपहासाचे बोलणे नव्हे; संसाराचा जो आधार वाटत होता तो दुष्काळाने काढून घेतला म्हणून वाट मोकळी झाली, असे ते सांगत आहेत. टर्पिनबाईच्या डोळ्यावर बसलेले पुस्तक मला याच जातीचे वाटले.

फरक जो दिसतो तो असा. तुकोबांचा अभंग हा दुष्काळ सरल्यानंतरचा आहे. बोलणारा माणूस वाचलेला आहे, मागे वळून पाहतो आहे, आणि 'बरें झालें' हा निवाडा तो स्वतः देतो. आजीला मागे वळून पाहायला वेळच मिळत नाही. तिच्या बाबतीत 'बरें झालें' असे म्हणायचा अधिकार कोणाला आहे? तिला नाही, ती मेली. लेखिका म्हणत नाही. उरतो तो खुनी, आणि 'चांगली बाई झाली असती' हे तोच म्हणतो. अभंगात कृपेचा साक्षीदार स्वतः भक्त असतो, या कथेत तो मारेकरी आहे. तिरकस यांना जी अडचण वाटते तिचे मूळ मला येथे दिसते, आणि लेखिकेचे धाडसही येथेच दिसते.

जी. ए. कुलकर्णींची आठवण कोणाला झाली का? तेथेही आघात असतो, तेथेही माणूस उघडा पडतो. पण जीएंच्या कथेत जे माणसावर चाल करून येते ती नियती असते. तिला माणसाशी काही बोलायचे नसते. ओ'कॉनरच्या कथेत जे येते त्याला माणसाकडून उत्तर हवे असते.

वाचनवेल, सांगली

सर्वांचे आभार. तिरकस यांचे 'नसते कळले' हे उत्तर मी प्रामाणिकपणे माझेच उत्तर मानते. पण पायवाट यांचे वाचून मी कथेचे शेवटचे पान पुन्हा काढले, आणि या वेळी मिसफिटचे सर्वांत शेवटचे वाक्य डोळ्यांत भरले. आधी तो म्हणालेला असतो की दुष्टपणाखेरीज जगण्यात मजा नाही. आजीला मारल्यानंतर साथीदार म्हणतो, काय मजा आली, तर तो त्याला गप्प करतो आणि म्हणतो की जगण्यात खरी मजाच नाही. एवढ्या वेळात त्याची दुष्टपणातली मजाही गेलेली आहे. हे तिन्ही वाचनांत माझ्याकडून निसटले होते, कारण मी आजीच्या प्रेताकडे पाहत होते.

बैठकीसाठी मी आता 'रेव्हलेशन' आधी वाचून दाखवणार आहे आणि 'अ गुड मॅन' पुढच्या महिन्यावर ढकलणार आहे. मंडळात काही सभासद ऐंशीच्या घरातले आहेत, त्यांना तान्ह्या मुलाची गोष्ट एकदम नको. एक मदत हवी आहे. मंडळासाठी मी उताऱ्यांचा मराठी तर्जुमा करते आहे आणि मिसफिटची भाषा अडते आहे. मुळात तो दक्षिणेकडची खेडवळ, व्याकरण मोडलेली इंग्रजी बोलतो, पण वागणे फार अदबशीर. प्रमाण मराठीत त्याचे 'चांगली बाई झाली असती' हे वाक्य न्यायाधीशासारखे वाटते.

वसईकर

कोणत्याही एका जिल्ह्याची बोली त्याच्या तोंडी घालू नका, नाहीतर ऐकणारे त्या जिल्ह्याचा गुन्हेगार शोधत बसतील. फक्त वाक्य साधे आणि थोडे वाकडे ठेवा, आणि 'बाई' ऐवजी 'म्हातारी' करून पाहा: 'चांगली झाली असती म्हातारी, जन्मभर मिनिटामिनिटाला गोळी घालणारं कोणी असतं तर.' 'बाई' म्हटले की आजीची टोपी पुन्हा डोक्यावर चढते.

तिरकस

'म्हातारी' ला माझी हरकत आहे. मुळात तो तिला शेवटपर्यंत 'लेडी' म्हणतो आणि 'चांगली' च्या पुढे मात्र साधा 'बाई' साठीचा शब्द वापरतो. टोपी काढली जाते ती त्या एका शब्दात. आधी सगळीकडे 'बाईसाहेब' ठेवा आणि शेवटच्या वाक्यात फक्त 'बाई'.

वाचनवेल, सांगली

'बाईसाहेब' आणि मग 'बाई'. हे जमते आहे. आज रात्री तेवढे पान पुरे करते.